पानाची डावी बाजू

आमच्याकडे कांदेपोहे झाले की ताटलीच्या कडेला एक रांग लागते. आधी कढीपत्ता, मग मिरची, मग दिसेल तेवढी कोथिंबीर, आणि चिरंजीवांचं लक्ष नीट असेल तर मोहरीसुद्धा. लिंबाची फोड वाढतानाच परत जाते. उरतात फक्त पिवळे पोहे, ते मात्र आवडीने खातो. वय वर्षं चार.

सासूबाईंचं म्हणणं, "पोट भरलं ना, मग झालं." पोट भरतंच, वाद त्याबद्दल नाही. आपलं जुन्या पद्धतीने वाढलेलं पान आठवा. मधे भात आणि पोळी, उजव्या हाताला भाजी, उसळ, आमटी, आणि डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. खायला नखरे करणारं मूल या पानाच्या मधल्या भागावर जगतं. धावायला-खेळायला लागणारी ऊर्जा त्याला तिथे मिळते, म्हणून ते दिवसभर उड्या मारताना दिसतं आणि आपल्यालाही वाटतं की सगळं ठीक आहे. खनिजं मात्र बरीचशी पानाच्या कडेने असतात.

खनिजं म्हणजे लोह, कॅल्शियम, झिंक, आयोडीन, मॅग्नेशियम वगैरे. शरीर ती स्वतः तयार करू शकत नाही, खाण्यातूनच यावी लागतात. लागतात मात्र अगदी थोडी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीयांसाठी जे प्रमाण सुधारून दिलं, त्यात ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह, साडेचार मिलिग्रॅम झिंक, ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ९० मायक्रोग्रॅम आयोडीन सांगितलंय. तांदळाच्या एका दाण्याचं वजन साधारण २० मिलिग्रॅम असतं. म्हणजे लोहाची दिवसभराची गरज अर्ध्या दाण्याएवढी! आणि एवढंसंही मुलांना मिळत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्क्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन, म्हणजे ज्यासाठी लोह लागतं ते रक्तातलं लाल द्रव्य, कमी निघालं. ही तपासणी बोट टोचून केलेली होती, त्यामुळे आकडा थोडा फुगलाय असं काही तज्ज्ञ म्हणतात. पण नसेतून रक्त घेऊन केलेल्या २०१६-१८ च्या देशव्यापी पाहणीतही १ ते ४ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ४१ टक्के होतं. फुगवटा काढून टाकला तरी चित्र बरं नाही.

मूल एकाएकी खाईनासं का होतं, हे आधी समजून घेतलं तर निम्मी चिडचिड कमी होते. जन्मतः तीन किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत नऊ किलोच्या आसपास जातं, वजन तिप्पट. दुसऱ्या वर्षी अडीच-तीन किलो वाढतं आणि पुढे वर्षाला जेमतेम दोन. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते, हा निसर्गाचाच हिशोब. त्याच सुमाराला, साधारण दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान, अनोळखी पदार्थाची धास्ती वाटणं सुरू होतं. नुकतं चालायला लागलेलं पोर दिसेल ते पान तोंडात घालायला लागलं असतं तर माणसाचा वंश टिकला नसता, असं याचं एक स्पष्टीकरण देतात. तेव्हा कढीपत्ता बाजूला काढणारा मुलगा हट्टी असेलच असं नाही, तो सावध असू शकतो. (आमचा दोन्ही आहे.)

आता एक ढोबळ हिशोब मांडू. आमच्या घरातला मधल्या काळातला एक दिवस असा होता: सकाळ, दुपार, रात्र मिळून तीन मोठे कप दूध, म्हणजे सहाशे मिली. दोन छोट्या पोळ्या तूप-साखर लावून. वाटीभर वरणभात. चार-पाच बिस्किटं. दुधातून कॅल्शियम मिळालं सातशेच्या घरात, गरजेपेक्षा जास्त. आणि लोह? पोळ्यांतून दीड मिलिग्रॅम, डाळीतून पाऊण, भात आणि बिस्किटांतून मिळून अर्धा. दुधातून जवळपास काहीच नाही. सगळं मिळून तीनच्या आत-बाहेर, आणि हवं होतं अकरा.

हा हिशोब केला तेव्हा पहिला हात मी पालकाला घातला, बहुतेक आया घालतात तसा. पालक पराठा, पालक पुरी, पालकाचे हिरवे डोसे. पंधरा दिवस घरात रणकंदन. मग कळलं की एवढ्या लढाईच्या लायकीचा तो गड नाहीच. पालकात लोह आहे, पण ओल्या पाल्याच्या शंभर ग्रॅमला तीन मिलिग्रॅमच्या आसपास, आणि पराठ्यात पाला जातो किती? शिवाय त्यातलं शोषलं जातं फार थोडं. कॅल्शियमची गत तर आणखी वाईट. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला असं पकडून ठेवतं की त्यातला जेमतेम विसावा भाग शरीराला मिळतो. दुधातल्या कॅल्शियमचा तिसरा हिस्सा तरी मिळतो.

तोंडात किती गेलं आणि रक्तात किती पोचलं, हे दोन वेगळे आकडे आहेत. न खाणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर दुसराच आकडा धरून चालायला हवं. मुलाला जास्त खायला लावणं अवघड असतं, पण जे खातंय त्यातलं जास्त अंगी लागेल अशी व्यवस्था करणं आपल्या हातात असतं, आणि त्यासाठी मुलाची परवानगी लागत नाही.

लोहाचे दोन प्रकार असतात. मांस, मासे, कलेजी यांतलं लोह आतड्यांत सहज शिरतं. धान्य, कडधान्य, पालेभाज्यांतलं लोह मात्र दारात ताटकळतं. त्याला अडवणारे तीन द्वारपाल आपल्या घरात रोज हजर असतात. पहिला चहा. मुलांना बशीत थोडा चहा आणि पोळी किंवा बिस्किट, ही आपल्याकडची सर्रास न्याहारी. चहातले टॅनिनसारखे पदार्थ जेवणातल्या लोहाला बांधून टाकतात आणि शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. लहान मुलाला चहा नकोच. "दूधच जास्त असतं त्यात" हे म्हणणं इथे कामाचं नाही, कारण दुसरा द्वारपाल दूधच आहे. दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं लोहाला आडवी येतात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुधाने पोट भरतं. जेवायला बसायच्या आधी अर्धा तास कपभर दूध प्यायलेलं मूल जेवणार नाही, यात नवल काय? ते जेवत नाही म्हणून आपण पुन्हा दूध देतो. दिवसाला दोन कप, म्हणजे ४०० ते ५०० मिली, पुरेसे आहेत आणि तेही जेवणापासून लांब. आमच्या घरी सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असेल तर तिसरा कप बंद केल्याने. पहिले चार दिवस आरडाओरडा झाला, पाचव्या दिवशी वरणभात मागून घेतला.

तिसरा द्वारपाल धान्य-कडधान्यांच्या आतच असतो, फायटेट. बी उगवेपर्यंत त्यातली खनिजं सांभाळून ठेवायचं त्याचं काम. बी उगवायला लागलं की ते स्वतःच हे कुलूप उघडतं, कारण कोंबालाही ती खनिजं हवी असतात. म्हणून मोड आणायचे. रात्रभर भिजवलेली, मग फडक्यात बांधून लांब मोड काढलेली मटकी ही नुसत्या उकडलेल्या मटकीपेक्षा वेगळी गोष्ट आहे. आंबवण्यानेही हेच होतं, म्हणजे इडली, आंबोळी, आंबील, ढोकळा. ज्या आज्यांना फायटेट हा शब्द माहीत नव्हता त्यांनी हे पदार्थ बसवले, आणि आपण त्यांच्या जागी झटपट मिश्रणं आणली.

आता दार उघडणारे. त्यात पहिला मान क जीवनसत्त्वाचा. लिंबू, आवळा, पेरू, संत्रं, टोमॅटो, कच्ची कोथिंबीर यांतलं काहीही त्याच घासाबरोबर पोटात गेलं की वनस्पतीतल्या लोहाचं शोषण दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. त्याच जेवणात हवं, दोन तासांनी नव्हे. पोह्यांवर लिंबू, वरणभातावर लिंबू, मटकीच्या उसळीवर लिंबू, ही डाव्या बाजूची फोड शोभेची नाही हे मला असं उशिरा कळलं. आमच्याकडे फोड चालत नाही, म्हणून मी रस वरणातच पिळते, गॅस बंद केल्यावर, कारण उकळल्याने क जीवनसत्त्व जातं. मूल फळ खात असेल तर जेवणाबरोबर पेरूच्या चार फोडी ठेवा, बिया काढून. कांदा-लसणाचाही थोडा हातभार लागतो. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं की धान्य-कडधान्यांबरोबर कांदा, लसूण असले की त्यांतलं लोह आणि झिंक अधिक सुटं होतं. मांसाहारी घरांत आणखी एक सोय आहे. उसळीत किंवा भातात खिम्याचा, माशाचा छोटासा तुकडा गेला तरी तो सोबतच्या डाळ-धान्यातलं लोहही आत ओढून नेतो. मुलाने वाटीभर रस्सा संपवायची गरज नाही.

आणि लोखंडी कढई. नॉनस्टिक आल्यावर ती माळ्यावर गेली, ती खाली काढा. तिच्यात शिजवलेल्या अन्नात लोह उतरतं, आंबट पदार्थात जास्त. टोमॅटो किंवा आमसूल घातलेली भाजी, भरपूर कांद्याचं पिठलं तिच्यात करा, झालं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळं पडतं आणि चव बिघडते. चव बिघडली की आपलं गिऱ्हाईक गेलंच म्हणून समजा.

यानंतर प्रश्न उरतो की नेमकं घालायचं काय. जे मूल तीन-चारच गोष्टी खातं त्याच्यासाठी ज्यांच्या चमचाभरात पुष्कळ काही असतं असे पदार्थ शोधायचे, आणि ते पुन्हा डाव्या बाजूलाच सापडतात. तिळाची, कारळ्याची, जवसाची चटणी. शेंगदाण्याचं कूट, जे आपण तसंही कोशिंबिरीपासून साबुदाण्यापर्यंत सगळ्यात घालतो. ताटलीच्या कडेला जाणारा तो कढीपत्ता वाळवून, तीळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर वाटला की तूपभातावर चमचाभर सहज खपतो. वाटल्यावर पान पान राहत नाही, म्हणून बाजूला काढता येत नाही. अळिवाची खीर किंवा लाडू, राजगिऱ्याचा लाडू. राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला आठ मिलिग्रॅमच्या आसपास लोह आणि दीडशेच्या वर कॅल्शियम असतं, आणि त्याच्या लाडवाला नाही म्हणणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. भाजणीचं थालीपीठ हा तर ज्वारी, बाजरी, डाळी, धणे यांचा एकत्र बसलेला दरबार. त्यात बारीक चिरलेला कांदा-कोथिंबीर आणि वरून लोण्याचा गोळा. कोकणातल्या घरांत सुकट-जवळ्याची चटणी, काट्यासकट कुरकुरीत तळलेली मांदेली. मात्र सुक्या मासळीला मीठ फार असतं, ती धुऊन, थोडीच.

अख्खे शेंगदाणे, काजू, हरभरे पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कूट करा.

पहिला तीन मिलिग्रॅमचा दिवस आता असा झाला: दूध दोन कप, नाश्त्याला एक नाचणीचं घावन, दुपारी वरणभात आणि दोन चमचे मटकी, चार वाजता राजगिऱ्याचा लाडू, रात्री अर्धी बाजरीची भाकरी आणि एक उकडलेलं अंडं. मोजलं तर सात-आठ मिलिग्रॅम भरतं. अकरा अजूनही होत नाही. ज्या दिवशी मटकी नाकारली जाते त्या दिवशी सातही होत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण "आमच्या पाककृतींनी सगळी कमतरता भरून निघते" असं सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत.

हा खड्डा सरकारलाही ठाऊक आहे, म्हणून तर लोहाचं सिरप आहे. २०१८ च्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप देतात. त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ५ ते ९ वर्षांच्या मुलांना शाळेत आठवड्याला एक गुलाबी गोळी. आशाताई बाटली देऊन जातात आणि ती फ्रीजवर पडून राहते, कारण कोणीतरी सांगतं की शी काळी होते. होते, त्यात काही बिघडत नाही. दात डागाळू नयेत म्हणून सिरप जिभेच्या मागच्या बाजूला सोडावं आणि वर पाणी पाजावं. वर्षातून दोनदा जंतांची गोळी येते, तीही चुकवू नका. हुकवर्मसारखे जंत आतड्यातून रक्त शोषतात, मग वरून कितीही लाडू घाला.

रेशनवर जो पोषकं मिसळलेला तांदूळ येत आलाय, त्याचंही असंच. त्यात शंभर दाण्यांमागे एक दाणा लोह, फॉलिक ॲसिड आणि ब १२ घालून बनवलेला असतो. तो दिसायला थोडा वेगळा असतो, कधी पाण्यावर तरंगतो, म्हणून "प्लॅस्टिकचा तांदूळ" अशी अफवा गावोगाव फिरली आणि बायका निवडून निवडून तेच दाणे फेकायला लागल्या. तो तांदळाच्याच पिठाचा दाणा आहे. राहू द्या. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार असलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र लोहाचं काहीही, हा तांदूळसुद्धा, डॉक्टरांना विचारूनच.

कॅल्शियमचा प्रश्न उलट बाजूने येतो, ज्या मुलाला दूध अजिबात चालत नाही त्याच्या घरी. तिथे दही, ताक, पनीर चालतंय का ते आधी पाहायचं, आणि मग नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. पण बाळांसाठी आपण जे नाचणीसत्त्व करतो, भिजवून, वाटून, पंचातून गाळून, त्यात गडबड आहे. नाचणीचं कॅल्शियम मोठ्या प्रमाणात सालीत असतं, आणि गाळलं की चोथ्याबरोबर तेच जातं. सहा-सात महिन्यांच्या बाळाला पचायला हलकं म्हणून ते ठीक, चार वर्षांच्या मुलाला कशाला? नाचणीला मोड आणा, वाळवा, भाजा आणि न चाळता दळा. आणि मुलाला उन्हात खेळू द्या, ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम नीट आत जात नाही.

झिंकची गोष्ट वेगळीच. ते कमी पडलं की चव मंदावते आणि भूक मरते. लोह कमी पडलं तरी भूक मरते, आणि काही मुलं माती, खडू, भिंतीचे पोपडे खायला लागतात. म्हणजे नखऱ्यांमुळे खनिजं कमी पडतात आणि खनिजं कमी पडल्यामुळे नखरे वाढतात. या चक्रात अडकलेल्या मुलाला "नाटकं करतो" म्हणून रागावणं हा अन्याय आहे. तपासणीत लोह कमी निघून औषध सुरू झालं की काही आठवड्यांत मूल आपण होऊन जेवायला मागतं, हे बरेच पालक सांगतात. मांस, अंडी, तीळ, शेंगदाणे, काजू, भोपळ्याच्या बिया, मोड आलेली कडधान्यं यांतून झिंक मिळतं. जुलाबात ओआरएसबरोबर झिंकच्या गोळ्या १४ दिवसांसाठी देतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी उरलेल्या गोळ्या संपवायच्या असतात.

आयोडीनसाठी काही करायला नको, साधं आयोडीनयुक्त मीठ वापरा, एवढंच. गुलाबी सैंधव आरोग्यदायी म्हणून आणलेल्या घरांनी पाकीट उलटून पाहावं, त्यावर आयोडीन लिहिलेलं नसेल तर ते नाही. मॅग्नेशियम, पोटॅशियम यांची काळजी भाकरी, केळं, डाळ खाणाऱ्या मुलाच्या आईने करू नये.

दुधात घालायच्या पावडरींबद्दल विचारणार, माहीत आहे. त्यांत खनिजं घातलेली असतात हे खरं, पण साखरही पुष्कळ असते, आणि त्या जातात दुधातूनच, म्हणजे लोहाच्या द्वारपालाबरोबर हातात हात घालून. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं "हेल्थ ड्रिंक" या सदरातून काढायला सांगितली. माझं मत विचाराल तर त्याच पैशात राजगिरा आणि अंडी येतात.

भरवण्याबद्दल थोडंसं. नवा पदार्थ मुलाने स्वीकारायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा तो समोर यावा लागतो. आपण तिसऱ्यांदा हार मानतो आणि "त्याला आवडत नाही" असा शिक्का मारतो. पानात चमचाभर वाढायचं, खा म्हणायचं नाही, आपण खायचं. मोबाईल दाखवून भरवलेला घास पोटात जातो, पण मुलाला त्याची ओळख होत नाही, आणि उद्या तो पुन्हा अनोळखीच असतो. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास पाण्याशिवाय काही नको. भूक लागू देणं हे आजी-आजोबांच्या घरात सगळ्यात कठीण काम आहे. पाच रुपयांचा बिस्किटपुडा प्रत्येक नातेवाइकाच्या खिशात असतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं? डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू, तळहात फिके दिसत असतील, मूल खेळताना लवकर दमत असेल, माती खात असेल, वजन सहा महिने हललं नसेल, किंवा खाण्यातल्या गोष्टी कमी कमी होत चार-पाचावर आल्या असतील आणि ठरावीक स्पर्शाचं काही तोंडात घेतलं की उलटी होत असेल, तर घरगुती उपायांत महिने घालवू नका. हिमोग्लोबिन बघतात, गरज वाटली तर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. २ ते ५ वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर उपचाराचा डोस वेगळा असतो, तो आशाताईंच्या बाटलीतल्या १ मिलीने भागत नाही आणि आपल्या मनाने ठरवायचाही नसतो.

घरात कोणी गरोदर असेल तर तिच्या लोहाच्या गोळ्यांचं पाकीट कुठे आहे ते आत्ता उठून बघा. त्या गोळ्या मुलांना गोड गोळ्यांसारख्या दिसतात, आणि लहान मुलाने मूठभर गिळल्या तर जिवावर बेतू शकतं. भाजीला नाक मुरडणारं पोरही त्या आवडीने खाईल. कुलपात ठेवा, आणि सिरपची बाटलीही तिथेच.